प्रागचा दोन तासांचा गुण : आलोयझी एर्लिख यांच्या चरित्राची छाननी

टेबल टेनिसच्या इतिहासांत आलोयझी एर्लिख ह्या पोलिश यहुदी खेळाडूचें नांव बहुधा एका विनोदी गोष्टीकरितां घेतलें जातें. इ. स. १९३६ सालीं प्राग येथील जागतिक सामन्यांत ते व रुमानियाचे फार्कश पानेट हे समोरासमोर उभे राहिले, आणि पहिला गुण कोणाचा हें ठरावयास सुमारें दोन तास लागले, ही ती गोष्ट. ऐकणारा हंसतो आणि विषय संपतो. परंतु मेजाच्या दोन्ही बाजूंस उभे असलेले हे दोघेही यहुदी होते. दोघांवरही पुढें महायुद्धांत प्राणसंकट आलें. दोघेही वांचले आणि दोघांनींही नंतर हा खेळ इतरांस शिकविला. यास्तव ह्या गोष्टींत इतिहास किती व आख्यायिका किती, हें निवडून पाहणें अगत्याचें वाटतें.

१. पूर्वपीठिका

एर्लिख यांचा जन्म १९१४ सालचा, त्या वेळीं ऑस्ट्रियाच्या अमलाखालीं असलेल्या गालिशिया प्रांतांतला. पहिल्या महायुद्धानंतर हा प्रांत पोलंडकडे गेला. प्रांताचें मुख्य शहर ल्वूव्ह. तेथें यहुद्यांची वस्ती एक लाखाच्या घरांत होती. त्यांच्या क्रीडासंस्थांपैकीं 'हास्मोनेआ' ही प्रमुख. यहुद्यांच्या प्राचीन राजघराण्यावरून तिला हें नांव दिलेलें होतें, व एर्लिख याच संस्थेकडून खेळत.

ह्या खेळांत यहुद्यांचा भरणा त्या काळीं विलक्षण होता. आंतरराष्ट्रीय संघटनेचे पहिले अध्यक्ष आयव्हर माँटेग्यू हे इंग्लंडमधील यहुदी घराण्यांतले असून, पुरुषांच्या सांघिक सामन्यांचा स्वेथलिंग चषक त्यांच्या मातोश्रींनीं दिलेला होता. हंगेरीचे व्हिक्टर बार्ना व मिक्लोश साबादोश, ऑस्ट्रियाचे रिचर्ड बेर्गमान हे जगज्जेतेही यहुदीच. ह्या खेळाला मैदान लागत नाहीं. एक खोली, एक मेज व दोन फळ्या एवढ्यावर भागतें. जमीनजुमला नसलेल्या व दाट वस्तींत राहणाऱ्या नागर समाजाला हा खेळ सोयीचा होता.

२. प्राग येथील प्रसंग

एक गुण इतका लांबूं कसा शकला? त्या वेळीं जाळ्याची उंची ६¾ इंच होती. लांकडी फळीवर पातळ दाणेदार रबर असे. त्यानें चेंडूस आजच्यासारखा वेग किंवा फिरकी देतां येत नसे. अशा स्थितींत जो मारावयास जाई त्याचाच चेंडू जाळ्यांत अडके किंवा मेजाबाहेर पडे. जो नुसता परतवीत राही तो सुरक्षित राही. डावाला कालमर्यादा असून नसल्यासारखी होती. दोघेही धीराचे व दोघांनींही प्रथम न चुकण्याचा निश्चय केलेला, मग चेंडूची येरझार थांबावी कशी?

प्रसंग घडला हें निर्विवाद. तपशिलांत मात्र एकवाक्यता नाहीं. एका नोंदींत १ तास ५८ मिनिटें, तर दुसरींत २ तास १२ मिनिटें असा काल दिलेला आहे. पंचाची मान आंखडल्यामुळें दुसरा पंच बसवावा लागला, पानेट यांनीं उजवा हात थकल्यावर फळी डाव्या हातांत घेतली, खेळतां खेळतां खाणेंपिणें चाललें, ही सर्व भर मागाहून सांगितलेल्या आठवणींतली आहे. अशा आठवणी दर वेळीं थोड्या वाढतात, हें बखरी वाचणाऱ्यास सांगावयास नको.

परंतु ह्या प्रसंगाच्या मागील दुखण्याची एक भक्कम साक्ष उपलब्ध आहे, ती म्हणजे नियमांतील बदल. पुढील वर्षीं, म्हणजे १९३७ सालीं, बाडेन येथें स्त्रियांचा अंतिम सामना ठरीव वेळेंत संपला नाहीं म्हणून रूथ एरन्स व ट्रूडे प्रित्सी ह्या दोघींनाही बाद करण्यांत आलें व विजेतेपद रिकामें राहिलें. (दोघींस संयुक्त विजेत्या मानण्याचा निर्णय २००१ सालीं झाला.) पाठोपाठ जाळें पाऊण इंचानें खालीं आणलें गेलें. आजही दहा मिनिटांत डाव पुरेसा पुढें सरकला नाहीं तर विशेष नियम लागू होतो, व चेंडू स्वीकारणाऱ्यानें तो तेरा वेळां बिनचूक परतविला कीं गुण त्याला मिळतो. गप्पांत विनोद झालेली गोष्ट नियमपुस्तकांत अशी गंभीरपणें नोंदली गेली आहे.

३. विजयाच्या उंबरठ्यावर तीन वेळां

एर्लिख केवळ चिकाटीचे खेळाडू नव्हते. एकेरीच्या जागतिक अंतिम सामन्यांत ते तीनदां पोहोंचले व तीनदां हरले : १९३६ सालीं प्राग येथें चेकोस्लोव्हाकियाच्या कोलार्शकडून, १९३७ सालीं बाडेन येथें अवघ्या सतरा वर्षांच्या बेर्गमानकडून आणि १९३९ सालीं कैरो येथें पुनः बेर्गमानकडूनच. कैरोच्या सामन्याचें स्वरूप ध्यानांत घेण्याजोगें आहे. ऑस्ट्रिया जर्मनीनें गिळंकृत केल्यामुळें बेर्गमान देशोधडीस लागून इंग्लंडतर्फे खेळत होते. म्हणजे जगज्जेतेपदासाठीं लढणारे दोघेही यहुदी. त्यांतील एक आधींच निर्वासित, आणि दुसऱ्याचा देश सहा महिन्यांत नकाशावरून पुसला जाणार होता.

४. छावणी व आख्यायिका

युद्धकालांत एर्लिख फ्रान्समध्यें पकडले गेले. ऑशविट्झ व डाखाऊ ह्या छावण्यांतून ते जिवंत बाहेर आले. येथें दुसरी आख्यायिका भेटते : विषारी वायूच्या कोठडीकडे नेल्या जाणाऱ्या रांगेंत एका पहारेकऱ्यानें त्यांना खेळाडू म्हणून ओळखलें व बाजूस काढलें. अशी ओळख पटणें अशक्य नाहीं. युद्धापूर्वी त्यांचें नांव युरोपभर झालें होतें. परंतु कौशल्यामुळें प्राण वांचले असा निष्कर्ष तीवरून काढला जातो, तो इतिहासास धरून नाहीं. मुष्टियुद्धांत १९३१ सालीं जगज्जेते झालेले व्हिक्टर पेरेझ हेही ऑशविट्झमध्येंच होते; जानेवारी १९४५ मध्यें छावणीतून हांकून नेतांना वाटेंत त्यांचा अंत झाला. तलवारबाजींत ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविणारे हंगेरीचे अत्तिला पेत्शाउएर सक्तमजुरीच्या तुकडींत १९४३ सालीं मेले. त्यांची कीर्ति कमी नव्हती. आणि ल्वूव्हचे लाखभर यहुदी जवळजवळ सर्व मारले गेले. एका माणसाची सुटका गुणांस लावली, तर त्या सर्वांच्या मरणाचा दोष नकळत त्यांच्याच माथीं जातो. म्हणून ही आख्यायिका सांगावी. पण कारण म्हणून सांगूं नये.

पानेट यांचें क्लूझ शहर १९४० सालीं हंगेरीकडे गेलें. तेथील यहुद्यांना १९४४ च्या मे-जून महिन्यांत ऑशविट्झकडे पाठविण्यांत आलें. पानेट त्या संकटांतून वांचले.

५. शिक्षकाचें कार्य

युद्धानंतर एर्लिख पॅरिसमध्यें स्थायिक झाले व त्यांनीं शिक्षकाचा व्यवसाय पत्करला. परंतु ज्या खेळांत त्यांचें आयुष्य गेलें होतें, तोच आतां बदलत होता. आणि ह्या बदलाचें स्थळ आपल्या परिचयाचें आहे. १९५२ सालीं जागतिक सामने आशियांत प्रथमच भरले, ते मुंबईस. तेथें जपानचे हिरोजी सातो जाड स्पंजाची फळी घेऊन उतरले. चेंडू लागल्याचा आवाज ऐकूं येईना, वेगाचा अंदाज लागेना, आणि ते जगज्जेते झाले. तासन् तास परतवीत राहण्याच्या कलेचे दिवस मुंबईंत भरले, असें म्हणण्यास हरकत नाहीं. त्यानंतरच्या शिक्षकास आपण न खेळलेला खेळ शिकवावा लागला.

पानेट यांनीं क्लूझ येथें तें करून दाखविलें. त्यांच्या हाताखालीं तयार झालेल्या संघानें युरोपीय विजेत्या संघांचा चषक पांच वेळां जिंकला. एर्लिख १९९२ सालीं, व पानेट २००९ सालीं मरण पावले.

६. निष्कर्ष

प्राग येथील दीर्घ गुण घडला हें सत्य. त्याचे रंगीत तपशील स्मृतींतले. छावणींतील सुटका सत्य. तिचें सांगितलें जाणारें कारण अपुरें. आणि ज्याची आख्यायिका झाली नाहीं तें कार्य, म्हणजे सर्वस्व गमावलेल्या समाजांतील दोन माणसांनीं पुन्हां मेजाशीं उभें राहून नव्या मुलांच्या हातीं फळी दिली, तें निःसंशय सत्य असून चरित्रकारानें प्रथम नोंदावें अशा योग्यतेचें आहे.