निरोप पोचतो, पुढे काय?

खेड तालुक्यात आज माहितीचा दुष्काळ नाही. चाकणच्या बाजारात कांद्याला काय भाव निघाला, निमगाव-दावडीच्या घाटात कोणाची बारी किती सेकंदांत बसली, कोणत्या कंपनीच्या गेटवर कंत्राटी भरती आहे, कोणाच्या सातबाऱ्यावर बोजा चढला, हे सगळं राजगुरुनगरच्या एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या कोणाच्याही फोनवर दुपारच्या आत येऊन पडलेलं असतं. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून मिळतो, त्यासाठी तलाठ्याची वाट पाहावी लागत नाही. बैलगाडा शर्यती घाटात न जाता यूट्यूबवर पाहता येतात, आणि समालोचकाचा आवाज तर कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीतही ऐकू येतो. मग गृहीत धरलं जातं की माहिती पोचली म्हणजे समाज शहाणा, निदान सावध, झाला. सरकारी योजनांच्या जाहिराती आणि फोन कंपन्यांची पत्रकं याच गृहीतावर उभी आहेत. महाराष्ट्रात या विषयावर झालेलं संशोधन मात्र गेली जवळपास सत्तर वर्षं वेगळंच सांगत आलं आहे. माहिती कामी येते ती तिच्याभोवती माणसं कशी बसतात, कोण कोणाला प्रश्न विचारतं आणि उत्तर द्यायला कोण बांधलेलं असतं यावर. यंत्राचा नंबर त्यानंतर लागतो.

याचा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत नेटका पुरावा पुणे जिल्ह्यातलाच आहे. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात आकाशवाणी आणि युनेस्को यांनी पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. कल्पना कॅनडातून आली होती. तिथे १९४१ पासून शेतकरी एकत्र बसून रेडिओ ऐकत, चर्चा करत आणि पुढचं काम ठरवत. इथे गावोगाव वीसेक जणांचं मंडळ बसलं, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून चर्चा व्हायची, मंडळाचा चिटणीस टिपण ठेवायचा, अडलेले प्रश्न केंद्राकडे पाठवायचा आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून मिळायची. मूल्यमापनाचं काम टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं आणि त्याची धुरा पॉल नॉयराथ या समाजशास्त्रज्ञाकडे. व्हिएन्नाचे विचारवंत ऑटो नॉयराथ यांचा हा मुलगा दाखाउ आणि बुखनवाल्डच्या छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत पोचला आणि तिथून मुंबईला शिकवायला आला. प्रचाराचा रेडिओ समाजाचं काय करतो हे त्याला कोणी पुस्तकातून समजावण्याची गरज नव्हती. त्याने गावांचे तीन गट केले: मंडळ असलेली, रेडिओ असून मंडळ नसलेली आणि रेडिओच नसलेली. प्रयोगाच्या आधी आणि नंतर त्याच गावांना त्याच विषयांवर प्रश्न विचारले. मंडळ असलेल्या गावांतलं ज्ञान ठळकपणे वाढलं. रेडिओ होता पण मंडळ नव्हतं तिथे थोडंसंच वाढलं, आणि ते गाव मंडळवाल्या गावापेक्षा रेडिओ नसलेल्या गावाच्याच अधिक जवळ राहिलं. आवाज तोच, कार्यक्रम तेच. फरक होता तो नंतरच्या बैठकीचा.

पन्नासेक वर्षांनी हाच प्रश्न मोबाइलच्या रूपाने पुन्हा महाराष्ट्रात आला. रॉयटर्स मार्केट लाइट नावाची सेवा २००७ मध्ये सुरू झाली. वर्गणी भरली की शेतकऱ्याच्या फोनवर बाजारभाव, हवामान आणि पिकाचा सल्ला मराठीत यायचा. मार्सेल फाफशॉं आणि बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातली शंभर गावं घेऊन, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून, काहींना ही सेवा दिली आणि काहींना दिली नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष सेवा विकणाऱ्यांना आवडण्यासारखा नव्हता. शेतकरी सांगत होते की या संदेशांवरून आम्ही काही निर्णय घेतले. माल कुठे न्यावा आणि त्याची प्रतवारी कशी करावी यात थोडा बदल दिसलाही. पण पदरात पडलेल्या भावात सरासरीने दखल घ्यावी असा फरक नव्हता. चाकणला कांदा घेऊन येणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. पिशव्या टेम्पोत भरून निघाल्या, वाराईचे पैसे गेले, माल उतरला, लिलाव पुकारला गेला. आता दुसऱ्या बाजारात शंभर रुपये जास्त आहेत हे फोन सांगत असला तरी त्या शंभरातून परतीचं भाडंही सुटत नाही. त्यातून आडत्याकडून उचल घेतलेली असेल तर पट्टी कोणाच्या नावाची होणार हे आधीच ठरलेलं असतं. भाव कळणं आणि भाव मागता येणं यांच्यात हे सगळं उभं आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. केरळच्या उत्तर किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल पोचला तेव्हा तारलीच्या बाजारात काय झालं, याचा रॉबर्ट जेन्सन यांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. बंदराबंदरांतला भावातला फरक जवळजवळ मिटला, मासळी फेकून देणं थांबलं, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. म्हणजे नुसत्या फोनने चमत्कार घडतो! पण तिथे होडी समुद्रात होती आणि मासळी अजून उतरायची होती. बंदर निवडणं नाखव्याच्या हातात होतं आणि फोन हा बोलण्याचा होता: पलीकडे व्यापारी, अलीकडे नाखवा, सौदा तोंडी. एकतर्फी आलेला संदेश आणि दुतर्फी झालेलं बोलणं एकाच पारड्यात तोलता येत नाही. जेन्सन यांचा अभ्यास मला मूळ मुद्द्याच्या विरोधात जाणारा वाटत नाही, तो त्याची अट स्पष्ट करतो.

माणसं एकत्र आली की भलंच होतं, असंही नाही. १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या आठवडे बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षुकांना जमावाने ठार मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. व्हॉट्सॲपवरची अफवा होती हे खरं, पण गर्दी समोरासमोरची होती. त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा कंपनीने घातली. शकुंतला बनाजी आणि राम भट यांनी महाराष्ट्रासह काही राज्यांत फिरून २०१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात त्यांनी एक सोयीचं स्पष्टीकरण खोडून काढलं. असे संदेश पुढे ढकलणारा माणूस अडाणी असतो किंवा त्याला फोन कळत नाही, असं नाही. पाठवणारा आपल्यातला आहे आणि संशयित आपल्यातला नाही, एवढं त्याला पुरतं. पूर्वग्रह आधीपासून असतो, संदेश त्याला वाट करून देतो. राईनपाड्याची गर्दी आणि १९५६ चं मंडळ यांत फरक आहे तो इथे. मंडळात प्रश्न लिहून बाहेर जात होता आणि उत्तर बाहेरून येत होतं. गर्दीत प्रश्न विचारायला जागाच नव्हती.

प्रशासनाचा उपाय मात्र यंत्राकडेच पाहतो. मराठा आरक्षण आंदोलनात ३० जुलै २०१८ रोजी चाकणला जाळपोळ झाली. त्यानंतर ९ ऑगस्टच्या महाराष्ट्र बंदला पुणे जिल्ह्याच्या सात तालुक्यांतलं इंटरनेट बंद ठेवलं गेलं आणि त्यांत खेड होतं. अशा बंदीने शांतता राहते का? यान रिडझाक यांनी भारतातल्या आंदोलनांची आकडेवारी तपासून २०१९ मध्ये मांडलं की इंटरनेट तोडल्यावर हिंसा घटत नाही, उलट वाढण्याकडे कल दिसतो. त्यांचा तर्क साधा आहे. शांततेच्या मोर्चाला निरोप, वेळ, मार्ग, स्वयंसेवक सगळं जुळवावं लागतं. दगड मारायला यातलं काही लागत नाही. हा संबंध म्हणजे कार्यकारण नव्हे, जिथे पेटण्याची भीती जास्त तिथेच बंदी घातली जाते, असं कोणी म्हणेल. ती शंका रास्त आहे. पण बंदीने शांतता राहिली हे दाखवण्याची जबाबदारी बंदी घालणाऱ्यावर येते, आणि असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत असं सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सांगितलं आहे.

आता गावचा ग्रुप हेच मंडळ झालं, असं म्हणणारे भेटतात. ते अर्धं खरं आहे. ग्रुपवर पाण्याच्या टाकीचा फोटो पडतो, सरपंचाला जाब विचारला जातो, कधी कधी टाकी धुतलीही जाते. पण ॲडमिनने 'फक्त ॲडमिनच लिहू शकतील' हे बटण दाबलं की तो ग्रुप १९५६ मधला मंडळ नसलेला रेडिओ होतो. शिवाय चाकणच्या पट्ट्यात एका खोलीत पाचसहा जण राहणारे बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाडा, विदर्भातले कामगार गावच्या ग्रुपमध्ये नसतात. त्यांचे ग्रुप वेगळे, बहुतेक कंत्राटदाराच्या नाहीतर आपल्या जिल्ह्याच्या नावाचे. एकाच गल्लीत दोन बातम्या राहतात आणि त्यांची गाठ पडत नाही. जुन्या चावडीचं गुणगान मी करत नाही. तिथे बाया बसत नव्हत्या आणि गावकुसाबाहेरचा माणूस ओट्याखाली उभा राहायचा. फोनने निदान त्यांच्या हातात ऐकण्याचं साधन दिलं, हे खरंच. पण ऐकणाऱ्याला बोलण्याची जागा कुठे आहे? दावडी, निमगाव, कनेरसर, केंदूर इथली जमीन सेझसाठी गेली. मोबदल्यातला १५ टक्के परतावा पुढे एका कंपनीच्या भागभांडवलात गेला, आणि शेतकरी भागधारक झाले. साई बालकृष्णन यांनी २०१९ च्या पुस्तकात महामार्गांलगतच्या या बदलाचा अभ्यास केला आहे. भागधारकाला ताळेबंद मिळतो, तो आता फोनवरही मिळू शकतो. पण ताळेबंद वाचून चारचौघांत प्रश्न उभा करायला जी बैठक लागते, ती परताव्यासाठी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं आंदोलन करून रस्त्यावर भरवावी लागली.

म्हणून या पट्ट्यात एक अभ्यास व्हायला हवा आणि तो अवघड नाही. काही गावांत ग्रुपवर आलेले प्रश्न ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर लिहून घ्यावेत आणि पुढच्या सभेत लेखी उत्तर द्यावं. वर्षाला किमान चार ग्रामसभा आणि त्यांच्याआधी महिलांची सभा ही तरतूद कायद्यात आहेच. काही गावांत ग्रुप आहे तसा चालू द्यावा. तिसरा गट भीमाशंकरकडच्या ठाकर आणि महादेव कोळी वस्त्यांचा, जिथे रेंज धड लागत नाही. चाकणच्या कामगारांच्या खोल्या यांत कशा बसवायच्या हा खरा पेच, कारण ग्रामसभेच्या मतदारयादीत त्यांचं नाव नसतं. त्यांच्यासाठी गावाऐवजी खोली हेच एकक धरावं लागेल. बंद ग्रुपमधले संदेश वाचण्याला हरकत घेतली जाईल आणि ती घ्यायलाच हवी, कारण ॲडमिनची परवानगी म्हणजे दोनशे सभासदांची संमती नव्हे. पण संदेश वाचण्याची गरजच नाही. नॉयराथनेही कोणाच्या घरातलं बोलणं चोरून ऐकलं नव्हतं. त्याने गावाला आधी विचारलं आणि दहा आठवड्यांनी तेच पुन्हा विचारलं.