वीज वावराजवळ आली, हे फोनला कसं कळतं?

मागच्या जूनमधली गोष्ट. देवळी तालुक्यातल्या आमच्या वावरात बाबा सरकी टोबत होते, मी पुण्यात लॅपटॉपसमोर. दामिनी अ‍ॅपच्या नकाशावर विजांचे ठिपके गावाकडे सरकताना दिसले. बाबांच्या फोनमध्ये हेच अ‍ॅप मीच टाकून दिलं होतं, पण तो फोन गप्प! कॉल करून त्यांना घरी पाठवलं. रात्री कळलं, बॅटरी वाचावी म्हणून त्यांनी लोकेशन बंद ठेवलं होतं. इंजिनिअर पोराने हे आधीच बघायला हवं होतं.

दामिनी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेने बनवलंय. वीज कडाडली की रेडिओ लहरी सुटतात. देशभर बसवलेल्या सेन्सरपर्यंत त्या किंचित वेगवेगळ्या वेळी पोचतात आणि त्या फरकावरून वीज कुठे पडली ते काढता येतं. तुम्ही २० ते ४० किलोमीटरच्या आत असाल तर इशारा. पण तुम्ही कुठे आहात, हे फोननेच सांगायला हवं ना! वापरणारा कुठे आहे हे पाहून उत्तर बदलणाऱ्या अशा सेवेला 'कॉन्टेक्स्ट-अवेअर' म्हणतात. मेघदूत अ‍ॅपचं तसं नाही. तिथे जिल्हा आपणच निवडतो, मग मंगळवारी आणि शुक्रवारी त्या जिल्ह्याचा पीकसल्ला येतो.

आता बाबांच्या बॅटरीचं. फोन ठिकाण वेगवेगळ्या प्रकारे शोधतो. जीपीएस किमान चार उपग्रहांचे सिग्नल ऐकतो, अचूक असतो, पण बॅटरी जास्त खातो. मोबाईल टॉवरवरून अंदाजे ठिकाण कमी खर्चात मिळतं. कॅब बोलवायची तर अचूक ठिकाण हवंच. पण २० किलोमीटरच्या हिशोबात एक-दोन किलोमीटर चुकले तर काय बिघडतं? अँड्रॉइड १२ पासून अ‍ॅपला 'अचूक' की 'अंदाजे' ठिकाण द्यायचं, हे आपल्याला ठरवता येतं.

खरी गोची दुसरीकडे आहे. 'फक्त अ‍ॅप वापरताना' ही परवानगी निवडली, तर फोन खिशात गेल्यावर अ‍ॅपला नवं ठिकाण मिळत नाही. आणि वावरात फोन खिशातच असतो! त्यामुळे विजेच्या इशाऱ्यासाठी 'नेहमी' निवडा, मोबाईल डेटा चालू ठेवा. टॉर्चच्या किंवा गेमच्या अ‍ॅपने लोकेशन मागितलं, तर मात्र सरळ नाही म्हणा.

बाबांच्या फोनमध्ये हे सगळं मी दिवाळीत बसून केलं. यंदा पेरणीच्या वेळी आभाळ भरून आलं तेव्हा त्यांचाच कॉल आला, "तुह्या मोबाईलनं सांगतलं, आलो घरी."