एकच खोरं, दोन सातबारे

कोलोरॅडो राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात पाइन नदीच्या काठी इग्नासिओ नावाचं गाव आहे. वस्ती हजाराच्या आत. सदर्न यूट या मूळ अमेरिकन जमातीचा सगळा कारभार या गावाला लागूनच चालतो. गावात पिढ्यान्‌पिढ्या स्पॅनिश बोलत आलेली कुटुंबं आहेत आणि गोऱ्या शेतकऱ्यांची घरंही आहेत. तीन समाज एकाच शाळेत आणि एकाच बाजारात वावरतात, म्हणून या भागाचं कुतूहल अभ्यासकांना फार पूर्वीपासून वाटत आलं आहे. कोलोरॅडो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड जेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैऋत्य कोलोरॅडोतल्या अशाच एका त्रिवंशीय वस्तीचा अभ्यास केला आणि १९६८ मध्ये तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला.

त्या अभ्यासाने एक सोपं उत्तर मोडीत काढलं. पैसा आणि संधी या दोन्ही बाबतींत यूट आणि स्पॅनिशभाषक असे दोन्ही समाज गोऱ्यांच्या मागे होते. मग मद्यपानासारखे प्रश्नही दोघांत सारखेच असायला हवे होते. तसं दिसलं नाही. स्पॅनिशभाषकांचं चित्र गोऱ्यांच्या बरंच जवळ होतं. संशोधकांनी कारण वंशात शोधलं नाही. संधी किती मिळते, समाजाचे नियम किती पक्के आहेत आणि घरच्यांचा, शेजाऱ्यांचा, चर्चचा धाक किती आहे, या तीन गोष्टी त्यांनी तपासल्या. गरिबी सारखी म्हणून समाजही सारखे, हा समज तिथेच कोसळतो. तरीही तो आजवर टिकून आहे, आणि त्याच्या सोबतीने आणखी बरेच गैरसमज नांदतात.

पहिला गैरसमज असा, की अमेरिकेतले मेक्सिकन म्हणजे सीमा ओलांडून अलीकडे आलेले लोक. कोलोरॅडोपुरतं पाहिलं तर उलटच घडलं: इथे सीमाच लोकांना ओलांडून गेली. मेक्सिकोबरोबरचं युद्ध संपवणारा ग्वादालुपे इदाल्गोचा तह २ फेब्रुवारी १८४८ रोजी झाला आणि आजचा अमेरिकन नैऋत्य प्रदेश वॉशिंग्टनच्या ताब्यात गेला. तिथे राहिलेल्या मेक्सिकनांना एका वर्षात ठरवायचं होतं, मेक्सिकोचे नागरिक राहायचं की अमेरिकेचे व्हायचं. जे काहीच बोलले नाहीत ते आपोआप अमेरिकन झाले. न्यू मेक्सिकोतल्या अशाच कुटुंबांनी उत्तरेला सरकून १८५१ मध्ये सान लुईस गाव वसवलं. अखंड वस्ती असलेलं कोलोरॅडोतलं ते सर्वांत जुनं गाव. त्यांनी खोदलेल्या सामाईक पाटाचा, म्हणजे असेकियाचा, १८५२ चा पाणीहक्क राज्यातला सर्वांत जुना अखंड हक्क मानला जातो. कोलोरॅडोला राज्याचा दर्जा मिळाला १८७६ मध्ये, आणि पहिल्याच राज्यघटनेत १९०० पर्यंत सगळे कायदे इंग्रजीसोबत स्पॅनिश आणि जर्मनमध्येही छापण्याची तरतूद होती. हे लोक स्वतःला ‘हिस्पानो’ म्हणवतात आणि नंतर आलेल्या मेक्सिकन मजुरांपासून आपण वेगळे आहोत हे आवर्जून सांगतात.

नंतर आलेलेही कमी नव्हते. ईशान्य कोलोरॅडोत साखर-बीटच्या शेतात वाकून काम करणारे हात मुख्यतः स्पॅनिशभाषकांचे होते. १९४२ ते १९६४ या काळात ब्रासेरो योजनेखाली मेक्सिकोतून देशभरात मजूर आणले गेले. त्यांचे करार ४५ लाखांहून अधिक झाले. आज अमेरिकेत मेक्सिकन वंशाचे पावणेचार कोटींच्या आसपास लोक आहेत आणि दर दहांपैकी सुमारे सात जण अमेरिकेतच जन्मलेले आहेत.

नागरिकत्व मिळालं म्हणजे समान वागणूकही मिळाली, असं मात्र कुणी समजू नये. आलामोसा गावातले रेल्वे कामगार फ्रान्सिस्को माएस्तास यांच्या मुलाला घराजवळच्या शाळेत घेतलं गेलं नाही. रूळ ओलांडून ‘मेक्सिकन शाळेत’ जा, असं सांगण्यात आलं. मुलांना इंग्रजी येत नाही, ही शाळा मंडळाची सबब होती. पालक कोर्टात गेले. न्यायालयात मुलं इंग्रजीत उत्तरं देऊ लागली आणि १९१४ मध्ये निकाल पालकांच्या बाजूने लागला. अमेरिकेतल्या शालेय विभाजनाविरुद्धच्या सुरुवातीच्या यशस्वी खटल्यांपैकी हा एक. दुसरा प्रसंग १९३६ चा. मंदीच्या काळात बाहेरचे मजूर नकोत म्हणून गव्हर्नर एड जॉन्सन यांनी राज्याच्या दक्षिण सीमेवर लष्करी कायदा पुकारला आणि नॅशनल गार्डचे जवान उभे केले. अडवलेल्यांत न्यू मेक्सिकोत जन्मलेले, अमेरिकेचेच नागरिकही होते. गवगवा झाल्यावर काही दिवसांतच हुकूम मागे घ्यावा लागला.

आता यूटांकडे वळू. कोलोरॅडोचे डोंगर आणि यूटाचा मोठा भाग हा त्यांचा मुलूख. यूटा राज्याचं नावही त्यांच्यावरूनच पडलं. त्यांच्याबद्दलचा सर्वांत हटवादी गैरसमज असा, की ‘आदिवासींना सरकार पोसतं’. त्यांना कर नाही, दर महिन्याला चेक येतो, वर कॅसिनोचा पैसा आहेच.

वस्तुस्थिती समजायची तर आधी जमिनीचा हिशेब पाहावा लागतो. १८६८ च्या करारात कोलोरॅडोचा जवळपास सगळा पश्चिम भाग यूटांना ‘कायमचा’ मिळाला. पाच वर्षांत सान हुआन डोंगरांत सोनं-चांदी सापडली आणि ब्रुनो करारान्वये सुमारे ३७ लाख एकर हातचे गेले. १८७९ मध्ये व्हाइट रिव्हर इथल्या सरकारी एजन्सीचा अधिकारी नेथन मीकर यूटांना शेतकरी बनवायच्या हट्टाला पेटला आणि त्याने त्यांच्या घोड्यांच्या कुरणात नांगर घालायला लावला. संघर्ष पेटला, मीकर आणि त्याची माणसं मारली गेली. १८८१ मध्ये लष्कराने उत्तरेकडच्या यूटांना यूटामध्ये हाकललं. त्यांत अनकम्पाग्रे यूटही होते, ज्यांचा त्या हल्ल्याशी संबंधच नव्हता. दक्षिणेकडे उरलेल्यांची जमीन १८९५ च्या कायद्याने कुटुंबागणिक वाटायचं ठरलं आणि उरलेली १८९९ मध्ये बाहेरच्या वसाहतदारांना खुली झाली. त्यामुळे आज सदर्न यूटांच्या सुमारे पावणेसात लाख एकरांच्या राखीव प्रदेशात जमातीच्या मालकीचे तुकडे निम्म्याहून कमी आहेत. बाकी गोऱ्यांच्या आणि हिस्पानोंच्या खाजगी शेतांची बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी आहे. दक्षिणेतल्याच वीमिनूच यूटांनी वाटणीला नकार दिला. इग्नासिओ नावाच्या म्होरक्याच्या मागे ते पश्चिमेच्या कोरड्या टोकाला गेले आणि त्यांची आजची ओळख यूट माउंटन यूट अशी आहे.

तेव्हा सरकारकडून यूटांना जे मिळतं त्याला दान म्हणणं चूक आहे. ती करारांची देणी आहेत, आणि पुष्कळदा ती कोर्टात भांडून वसूल करावी लागली आहेत. हिरावलेल्या जमिनीपोटी यूटांना १९५० मध्ये ३ कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर झाली, म्हणजे जमीन गेल्यानंतर जवळजवळ सात दशकांनी. करांबद्दलचं बोलणंही अर्धवट आहे. राखीव प्रदेशात राहून तिथेच कमावलेल्या पगारावर राज्याचा आयकर नसतो, हे खरं. केंद्राचा आयकर सगळ्यांसारखाच भरावा लागतो आणि कॅसिनोच्या नफ्यातून जमात वाटते त्या रकमेवरही तो लागतो. कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांबद्दलही ‘कर भरत नाहीत’ असंच म्हटलं जातं. २०२२ मध्ये अशा सर्व देशांतल्या स्थलांतरितांनी मिळून ९,६७० कोटी डॉलर कर भरल्याचा अंदाज आहे.

आणि कॅसिनो? इग्नासिओत १९९३ पासून कॅसिनो आहे, पण सदर्न यूटांच्या संपत्तीचं मूळ तिथे शोधायला जाऊ नये. ते जमिनीखालच्या नैसर्गिक वायूत आहे. बाहेरच्या कंपन्या मातीमोल दराने वायू उपसत होत्या. लेनर्ड बर्च अध्यक्ष असताना, १९७४ मध्ये, जमातीने नवे पट्टे देणंच बंद केलं. पुढची दहा वर्षं तिने आपल्याच जमिनीचा अभ्यास केला, कंपन्यांच्या रॉयल्टीचे हिशेब तपासले, आणि १९९२ मध्ये रेड विलो नावाची स्वतःची वायू कंपनी काढली. जुने पट्टे एकेक करून विकत घेतले. १९९९ मध्ये कोळशाच्या थरातल्या वायूचा मोठा खटला जमात सर्वोच्च न्यायालयात हरली, तरी घडी विस्कटली नाही, कारण धंद्याचा पैसा वेगळा आणि सरकार चालवायचा निधी वेगळा ठेवायची शिस्त तिने त्याच सुमारास लावून घेतली होती. २००१ मध्ये तिला ट्रिपल-ए पतमानांकन मिळालं. अमेरिकेतल्या एखाद्या जमातीला ते मिळण्याची ही पहिलीच वेळ. सभासदांना लाभांश मिळतो, वृद्धांना निवृत्तिवेतन मिळतं, मुलांसाठी जमातीची माँटेसरी शाळा आहे. ही कमाई आहे, आणि तिच्यामागे सबुरीचं राजकारण आहे. जमातीची सभासदसंख्या जेमतेम दीड हजार, म्हणून माणशी वाटाही मोठा.

याच उदाहरणावरून ‘यूट श्रीमंत आहेत’ असं कुणी म्हणू लागलं, तर त्याला पश्चिमेला टोयॉकला न्यावं. यूट माउंटन यूटांचं हे मुख्य गाव. इथे १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत नळाने पिण्याचं पाणी नव्हतं. लोक शेजारच्या कॉर्टेझहून गाडीत भरून आणत. राखीव प्रदेशासाठीचा पाणीहक्क त्या प्रदेशाच्या स्थापनेपासूनचा, हा सिद्धांत सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्येच मान्य केला होता. म्हणजे कागदावर यूट नदीखोऱ्यातल्या सर्वांत जुन्या हक्कदारांत मोडत होते आणि घरात घागर रिकामी होती. पाणीहक्काबाबतच्या १९८८ च्या तडजोडीनंतर डोलोरेस प्रकल्पाचं पाणी आलं, जमातीने ७,७०० एकरांचं शेत उभं केलं, तिथल्या मक्याचं पीठ ‘बो अँड ॲरो’ नावाने विकायला सुरुवात केली. पण जुन्या हक्काचा अग्रक्रम सोडून इतरांच्या बरोबरीने वाटा घ्यायचा, ही त्या तडजोडीची किंमत होती. २०२१ च्या दुष्काळात या शेताला ठरलेल्या पाण्याच्या फक्त एक दशांशाच्या आसपास पाणी मिळालं. बहुतेक वावरं पडीक राहिली, माणसांना कामावरून कमी करावं लागलं.

एकाच वंशाच्या, एकमेकींना लागून असलेल्या दोन जमाती. एकीच्या जमिनीखाली वायू होता, दुसरीच्या वाट्याला वाळवंट आलं. अशा ठिकाणी ‘यूटांचं सरासरी उत्पन्न’ हा आकडा कुणाचंच आयुष्य सांगत नाही.

हिस्पानोंची बाजूही अशीच आतून उघडून पाहावी लागते. मेक्सिकोने दिलेल्या सनदांमध्ये घर आणि शेत खाजगी असे, पण डोंगर, कुरण, सरपण गावाचं सामाईक असे. अमेरिकन कायद्याला खाजगी मालकी कळत होती, सामाईक हक्क पटत नव्हता. १८९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी सामाईक जमीन सनदधारक वस्तीची नव्हे, असा निकाल दिला. सान लुईसच्या लोकांना ‘ला सिएरा’ म्हणून ठाऊक असलेला डोंगर, सुमारे ७७ हजार एकर, १९६० मध्ये जॅक टेलर या लाकूड व्यापाऱ्याने विकत घेतला आणि वाट बंद केली. गुरं चारायला जागा नाही, सरपण नाही. तरुणांनी डेन्व्हर-पुएब्लोची वाट धरली. सान लुईसचा कोस्तीया परगणा राज्यातल्या सर्वांत गरीब परगण्यांत मोडतो त्यामागे हेही कारण आहे. गावकरी मात्र लढत राहिले आणि २००२ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा चराई, सरपण आणि लाकडाचा हक्क मान्य केला. यूटांसारखं जमातीचं सरकार त्यांच्यामागे नव्हतं. प्रत्येक कुटुंबाला आपापले दस्त घेऊन हक्क सिद्ध करावा लागला.

फरकाचं मूळ इथे आहे. मेक्सिकनांना अमेरिकेने एकेकटे नागरिक म्हणून स्वीकारलं. मत दिलं, पण समूह म्हणून मान्यता दिली नाही. यूटांशी समूह म्हणून करार केले, पण माणूस म्हणून त्यांना मोजलं नाही. सर्व मूळ अमेरिकनांना नागरिकत्व १९२४ मध्ये मिळालं, आणि राखीव प्रदेशात राहणाऱ्यांना यूटा राज्यात मतदानासाठी १९५७ पर्यंत थांबावं लागलं.

आणखी एक गैरसमज सहानुभूतीतून येतो: दोघेही गोऱ्यांनी नाडलेले, म्हणजे एकमेकांचे सोबती. इतिहास इतका सरळ नाही. ताओसच्या बाजारात यूट आणि स्पॅनिश वसाहतवाले शतकभर व्यापार करत होते. यूटांना घोडा मिळाला तो स्पॅनिश वसाहतींतूनच. यूटांचा नेता यूरे ताओसच्या आसपास वाढला आणि उत्तम स्पॅनिश बोले. पण त्याच बाजारात माणसांचीही विक्री होई. यूट इतर जमातींची मुलं पकडून आणत, यूटांचीही मुलं पकडली जात. १८६५ मध्ये कोनेहोस आणि कोस्तीया परगण्यांतल्या घरांत राबणाऱ्या मूळ अमेरिकन बंदिवानांची सरकारी यादी झाली तेव्हा तीत शंभरावर नावं होती. आणि सान लुईसची ती जुनी सनद ज्या खोऱ्यावर होती, ते यूटांचं शिकारक्षेत्र होतं. मेक्सिकोने सनद देताना त्यांना विचारलं नव्हतं. हिस्पानोंची हिरावलेली जमीन ही आधी यूटांची हिरावलेली जमीन होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

पैशापलीकडचा एक आकडा सगळ्यांत बोलका आहे. प्राथमिक आकडेवारीनुसार २०२१ मध्ये अमेरिकेतल्या हिस्पॅनिकांचं सरासरी आयुर्मान ७७.७ वर्षं होतं, गोऱ्यांपेक्षाही थोडं जास्त. मूळ अमेरिकनांचं ६५.२. कोविडने ही दरी रुंदावली, निर्माण केली नाही. मूळ अमेरिकनांना आरोग्यसेवा करारांनुसार देय आहे. ती देणाऱ्या केंद्रीय यंत्रणेला माणशी मिळणारा पैसा मात्र वर्षानुवर्षं अपुरा राहिला आहे.

कराराने मान्य झालेल्या गोष्टी अशा वाटेतच अडकतात. दोन्ही यूट जमातींच्या पाणीहक्कासाठी ड्युरँगोजवळ बांधलेलं लेक नाइटहॉर्स धरण २०११ मध्ये भरलं. त्यानंतर दहा वर्षं उलटून गेली तरी त्यातलं पाणी राखीव प्रदेशापर्यंत नेणारी जलवाहिनी झाली नव्हती.