‘आहे’चे ‘होते’ का होते?

इंग्रजी शिकलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ची वाक्ये घोकलेली असतात. मुख्य क्रियापद भूतकाळी असले की ‘इज’चे ‘वॉज’ करावे, ‘वॉज’चे ‘हॅड बीन’, ‘विल’चे ‘वुड’. नियम पाठ होतो. तो कशासाठी, हे क्वचितच कोणी सांगते.

मराठीत आपण म्हणतो, ‘अभियंता म्हणाला की, भिंत कच्ची आहे.’ तो बोलला त्या क्षणी जणू आपण जाऊन उभे राहतो आणि त्याचा काळ जसाच्या तसा ठेवतो. रशियन भाषाही याच वाटेने जाते. इंग्रजी निवेदक मात्र आपली जागा सोडीत नाही. अभियंत्याचे बोलणे त्याच्या दृष्टीने होऊन गेले, म्हणून त्यातील ‘आहे’ही मागे सरकते : ‘द इंजिनिअर सेड दॅट द वॉल वॉज वीक.’ भिंत पूर्वी कच्ची होती, आता नाही, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. बोलण्याच्याही आधीची गोष्ट सांगावयाची, तर ‘हॅड बीन’ हे रूप आहे.

नोकरीच्या आरंभी एका बैठकीच्या इंग्रजी इतिवृत्ताचे मी मराठी भाषांतर केले आणि शब्दाला शब्द ठेवून लिहिले, ‘भिंत कच्ची होती.’ त्यावर वरिष्ठांचा शेरा पडला : ‘दुरुस्ती झालेली दिसते, तरतूद वगळावी.’ पावसाळा तोंडावर आला, तेव्हा अभियंत्यानेच पैशांची विचारणा केली, आणि माझी चूक उघडकीस आली. भिंत तोवर उभी होती, हे नशीब!

‘पृथ्वी फिरते’ यासारख्या त्रिकालाबाधित सत्यांत काळ बदलू नये, हा या नियमाचा अपवाद म्हणून शिकवितात. मला तो अपवाद वाटत नाही. नियमाचे मर्मच तेथे आहे. ‘इज’ तसाच ठेवला की ती गोष्ट आजही लागू आहे, असे निवेदक आपल्याकडून सुचवितो. ‘वॉज’ केला की तो तसा हवाला देत नाही, नाकारीतही नाही. भिंत आजही कच्ची असेल, तर ‘सेड दॅट द वॉल इज वीक’ हेही शुद्ध इंग्रजीच. परंतु इतिवृत्त लिहिणाराने भिंत पाहिलेली नसते. तो ‘वॉज’च लिहितो, आणि भाषांतरकाराला तेथे ‘की’ घालून ‘आहे’ लिहावे लागते.