वाट बांधली, पुढे काय?

पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्या एकाने परवा विचारलं, "डोंगरातल्या सायकलच्या वाटा स्वयंसेवक बांधतात, त्यावर संशोधन होईल का? तेही आपल्या धुळे-जळगावात?" होईल. पण "माउंटन बाईक ट्रेल आणि स्वयंसेवक : एक अभ्यास" एवढंच घेऊन आरआरसीसमोर गेलात तर पहिल्या प्रश्नालाच अडकाल : मोजणार काय? आज त्याबद्दलच लिहिते.

आधी एक गोष्ट मान्य करू. परदेशात असतात तशा खास सायकलसाठी आखलेल्या वाटा आपल्याकडे सहसा नसतात. सायकलवाला त्याच पायवाटेवर चढतो जिथून शेळ्या जातात, मोळीवाल्या उतरतात आणि रविवारी ट्रेकर येतात. लळिंग किल्ल्याची टेकडी डोळ्यासमोर आणा. धुळ्याहून मालेगावकडे निघालं की महामार्गालगतच दिसते. किंवा चाळीसगावजवळ पाटणादेवीचा परिसर घ्या. बेसाल्टचा डोंगर, वर मातीचा पातळ थर, खाली मुरूम. जळगावला वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. म्हणजे वाट आठ महिने सुखात असते आणि चार महिन्यांत तिचा निकाल लागतो.

निकाल लावतं कोण? आपण पटकन म्हणतो, सायकलचं चाक. इथेच जरा थांबा. १९९४ साली विल्सन आणि सेनी या दोघांनी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात वाटांचे १०८ तुकडे घेतले. त्यांवर पायी चालणारे, घोडे, मोटारसायकल आणि सायकल यांच्या प्रत्येकी १०० फेऱ्या केल्या, कृत्रिम पाऊस पाडला आणि किती माती सुटते ते मोजलं. आधी भिजवलेल्या वाटेवर चाकांपेक्षा पावलांनी आणि खुरांनी जास्त माती सुटी केली. कोरड्या वाटेवरही घोडा पुढेच होता. लगेच "सायकल निर्दोष" असं लिहून मोकळे होऊ नका हं. तिथली माती वेगळी, पाऊस वेगळा आणि तिथे आपल्या शेळ्या नव्हत्या. पण एवढं कळतं की "सायकलमुळे वाटा खराब होतात" हे गृहीत धरायचं विधान नाही, तपासायचं आहे.

खरा कारागीर पाणी. माझ्या क्षेत्रकामात एका गुराख्याने ते एका वाक्यात सांगितलं : "पानी आपली वाट आपुनच करी लेस." सरळ उतारावरून खाली येणारी वाट पाण्याला आयती नाली मिळते. दोन पावसाळ्यांत तिची घळ होते, मग लोक बाजूने चालतात आणि शेजारी दुसरी घळ तयार होते. १९८८ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय माउंटन बाईक संघटनेने यावर जे आडाखे रूढ केले ते सोपे आहेत. वाट डोंगराच्या कुशीतून आडवी न्यायची. तिचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको : डोंगर ३० टक्के तर वाट १५ टक्क्यांच्या आत. सबंध वाटेची सरासरी १० टक्क्यांपर्यंत, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर १० मीटर वर. वाट दरीच्या बाजूला किंचित, पाचेक टक्के कललेली हवी. आणि मधूनमधून ती थोडी उतरवून पुन्हा चढवायची, म्हणजे त्या खोलगटातून पाणी बाहेर पडतं.

श्रमदान केलेल्यांना हे ऐकून सलग समतल चर आठवतील. आखणी तशीच, कुदळही तीच. पण चर पाणी अडवतो आणि वाटेने पाणी सोडून द्यायचं असतं. चर खणायला सरावलेला हात वाटेच्या कडेला मातीचा बांध घालून मोकळा होतो, आणि नेमका तोच बांध पाणी वाटेवर कोंडतो.

आता मोजमाप. वाटेच्या दोन्ही बाजूंना पक्क्या खुणा करा, त्यांच्यामध्ये दोरी आडवी ताणा आणि दर दहा सेंटिमीटरवर दोरीपासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने घ्या. पावसाळ्यानंतर त्याच जागी तेच करा. समजा, एक मीटर रुंद वाट सरासरी पाच सेंटिमीटर खचली. १०० मीटर लांबीत पाच घनमीटर माती गेली, म्हणजे जवळजवळ पावणेदोन ब्रास. हा आकडा वाळू-मुरूम विकत घेणाऱ्या कुणालाही कळतो. (एका गायरानातल्या वाटेवर मी पहिल्यांदा लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या. दोन आठवड्यांत त्या बहुधा कुणाच्या चुलीत गेल्या. आता मी खडकावर रंगाची खूण करते.)

माती मोजणं सोपं, माणसं मोजणं अवघड. बहुतेक जण रविवारी श्रमदानाला जातात, आलेल्यांना प्रश्नावली देतात आणि निष्कर्ष काढतात की स्वयंसेवकांमध्ये प्रचंड उत्साह आहे. असणारच! जे आले नाहीत त्यांना तुम्ही विचारलंच कुठे? एकदा येऊन पुन्हा न फिरकलेला माणूस हा तुमचा सर्वांत मोलाचा उत्तरदाता. तो शोधायला हजेरीची वही लागते, आणि ती बहुतेक गटांकडे नसते. म्हणून ती पहिल्या दिवसापासून तुम्ही ठेवा.

बांधणी आणि देखभाल यांचे तास वेगळे लिहा. समजा, ४० माणसांनी एका रविवारी चार तास काम केलं : १६० तास, फोटो, बातमी. नंतर पावसाळ्यात तीन माणसं पाच वेळा दोन-दोन तास येऊन खोलगटातला गाळ काढून गेली : ३० तास, फोटो नाही. वाट टिकली ती कोणत्या तासांमुळे? माझ्या मते सगळा प्रबंध या एका प्रश्नावर उभा राहू शकतो. पानी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्येही स्पर्धेचं काम ४५ दिवसांत व्हायचं. त्यानंतर चरातला गाळ कुणी काढायचा हे ज्या त्या गावावर होतं.

देखभालीचं उत्तर खानदेशाकडे जुनं आहे. पांझरेकाठची फड पद्धत बघा. पाट साफ करणं तिथे हौस नव्हती. ज्याच्या शेताला पाणी, त्याच्यावर जबाबदारी. पाटकरी, जागल्या यांची कामं ठरलेली होती. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवारांच्या पुढाकाराने सुमारे साडेचारशे हेक्टर जंगल राखलं तेही नियम, दंड आणि राखणीच्या जोरावर. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं १९९० चं सामाईक संसाधनांवरचं पुस्तक वाचाल तेव्हा ही दोन उदाहरणं शेजारी ठेवा. मात्र एक मोठा फरक विसरू नका : पाट साफ केला की पिकाला पाणी मिळतं. वाट साफ करणाऱ्या शहरी सायकलवाल्याला काय मिळतं, आणि त्याच वाटेने रोज मोळी आणणाऱ्या बाईला कुणी विचारलं का? तिच्यासाठी वळणाची लांब वाट म्हणजे डोक्यावरच्या ओझ्यासह जास्तीची पायपीट. ती जुनी सरळ वाटच धरणार, आणि तुमच्या नकाशावर ती "शॉर्टकट मारणारी" ठरणार.

परवानगीचं आधीच पाहा. राखीव वनात किंवा अभयारण्यात विनापरवानगी खोदकाम गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. संरक्षित स्मारकाच्या आवारातही तेच. नुसतं मोजमाप करायचं असलं तरी वनविभागाला गाईडच्या सहीचं पत्र द्या, आणि ते डिसेंबर-जानेवारीतच द्या. कारण पहिलं माप मृग लागायच्या आधी हातात हवं. दुसरं पोळ्यानंतर, तिसरं दिवाळीआधी. जून चुकला की अख्खं वर्ष गेलं, आणि फेलोशिपचं घड्याळ काही पावसासाठी थांबत नाही.