कोणत्या सर्च इंजिनासाठी किती घाम गाळायचा?

‘तुमची वेबसाइट पाचशे सर्च इंजिनांत नोंदवून देतो’ असं सांगत पैसे मागणारे फोन आणि ईमेल छोट्या व्यावसायिकांना अजूनही येतात. आंबा विकणारे बागायतदार, तारकर्लीतले होमस्टेवाले यांचे कष्टाचे पैसे त्यात जातात, याचा मनापासून राग येतो.

वस्तुस्थिती अशी, की लोक नेहमी वापरतात अशी पाचशे सर्च इंजिनं अस्तित्वातच नाहीत. वेबवरची पानं वाचून स्वतःचा इंडेक्स तयार करायला अवाढव्य खर्च येतो, त्यामुळे असं काम मोठ्या प्रमाणावर करणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत. भारतात तर शंभरातले नव्वदहून जास्त शोध एकट्या गूगलवर होतात. तेव्हा पहिला वेळ गूगललाच द्यायचा: सर्च कन्सोलमध्ये साइटची नोंद, साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी), आणि दुकान किंवा होमस्टे असेल तर नकाशावर दिसणारं बिझनेस प्रोफाइल. या तिन्हींसाठी गूगल एक पैसाही घेत नाही.

म्हणून ‘गूगल सोडून बाकी सगळं शून्य’ असंही मानू नये. विंडोजच्या एज ब्राउझरमध्ये मुळात मायक्रोसॉफ्टचं बिंगच लावलेलं येतं आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते बदलायला फारसं कुणी जात नाही. शिवाय बिंगच्या मागे आणखी नावं उभी आहेत. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टशी करार झाल्यापासून याहूचे निकाल प्रामुख्याने बिंगवरूनच येत आले आहेत. डकडकगोचेही बरेचसे निकाल तिथूनच येतात. मे २०२४ मध्ये बिंगची यंत्रणा काही तास कोलमडली, तेव्हा डकडकगो आणि इकोशियावरचे शोधही अडकले होते. म्हणजे बिंगमध्ये साइट नीट नोंदवली की या मंडळींकडे वेगळं जायला नको. बिंग वेबमास्टर टूल्समध्ये सर्च कन्सोलवरची साइट थेट आयात करता येते. काम चहा निवायच्या आत उरकतं.

चीनमध्ये बायडू, रशियात यांडेक्स, दक्षिण कोरियात नेव्हर. तिथे गिऱ्हाईक असेल तरच त्यांचा विचार. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणारा मराठी माणूस हापूस शोधायला बायडूवर जात नाही.

गूगलला जाहिरातीचे पैसे दिले की साइट आपोआप वर येते, हाही पक्का रुजलेला समज. जाहिरात ‘प्रायोजित’ अशा शिक्क्यासह वेगळी दिसते, मूळ निकालांतला क्रम तिच्यामुळे हलत नाही. आणि पानाच्या कोडमधल्या कीवर्ड टॅगमध्ये शंभर शब्द कोंबून काही साधत नाही. क्रम लावताना तो टॅग आपण पाहत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

मराठी साइटचं खरं नुकसान मात्र वेगळ्याच ठिकाणी होतं. ‘मराठी साइट गूगलवर येतच नाही’ ही तक्रार कानावर आली, की आधी फॉन्ट पाहावा. कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच अशा इंग्रजी अक्षरांत साठवलेला असतो. डोळ्यांना मराठी दिसतं, सर्च इंजिनाला निरर्थक अक्षरं. मग ते गूगल असो की बिंग, ‘देवगड हापूस’ शोधणाऱ्याला ते पान सापडणार कसं? दरपत्रकाचा फोटो चिकटवणाऱ्यांचीही बहुधा तीच गत होते, कारण चित्रातल्या अक्षरांवर मजकुराइतकी भिस्त ठेवता येत नाही. शिवाय आपल्यातले कितीतरी जण मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करून शोधतात. त्यामुळे मालाचं आणि गावाचं नाव पानावर दोन्ही लिप्यांत असलेलं बरं.

तपासणी सोपी आहे. साइटवरचा एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. तिथे मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटला, तर साइट बनवणाऱ्याकडून आधी सगळा मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या. सर्च इंजिनांची नोंदणी त्यानंतर.