फळी का वाकली? सुताराला बोलावण्याआधीचं गणित

घरी खांब आणि भिंत यांच्यामध्ये ९० सेंमीचा कोनाडा होता. त्यात पुस्तकांसाठी कप्पे करून घेतले. फळ्या १८ मिमी पार्टिकल बोर्डच्या, मधे आधार नाही. वर्षभरात एक फळी मध्यभागी १३ मिमी खाली आली. बाबा म्हणाले, "बोर्डच हलका निघाला. प्लाय घ्यायला हवा होता." मलाही तसंच वाटलं, पण खर्च करण्याआधी कागद घेऊन बसलो.

दोन टोकांवर टेकलेली, सगळीकडे सारखा भार असलेली फळी म्हणजे पदवीला शिकलेला साधा बीमच. मधला बाक लांबीच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात असतो, तर जाडीच्या तिसऱ्या घाताच्या आणि यंगच्या गुणांकाच्या व्यस्त प्रमाणात. आता पर्याय तपासू.

१. प्लाय वापरला, तर यंगचा गुणांक ढोबळमानाने दुप्पट. बाक निम्मा.
२. जाडी १८ ऐवजी २५ मिमी घेतली, तर बाक सुमारे २.७ पट कमी.
३. मधोमध उभी फळी घातली, तर गाळा ४५ सेंमीचा. बाक निदान १६ पट कमी!

म्हणजे सगळ्यात महागडा उपाय सगळ्यात दुबळा ठरला. उभी फळी नको असेल, तर कप्प्याच्या पुढच्या कडेखाली पट्टी ठोकता येते. पण ती उभी हवी: १८ × ४० मिमीची पट्टी आडवीपेक्षा उभी ठेवली तर जवळपास पाचपट ताठ असते.

आता आकडे. पुस्तकं वजनकाट्यावर ठेवली, तर मीटरला साधारण ३० किलो भरली. फळीची रुंदी २५ सेंमी, बोर्डचा यंग गुणांक २.५ गिगापास्कल धरला. उत्तर आलं सुमारे ८ मिमी. मग उरलेले ५ मिमी कुठून आले? गुणांक मी अंदाजाने धरलाय, हे एक. दुसरं म्हणजे या सूत्रात काळ नाहीच. लाकूड आणि बोर्ड सततच्या भाराखाली सावकाश आणखी वाकत राहतात. याला क्रीप म्हणतात, आणि पार्टिकल बोर्डमध्ये तो बराच असतो.

संशोधनात येणाऱ्यांना एवढंच सांगेन: महागडं साहित्य मागवण्याआधी कुठल्या राशीवर मोठा घात आहे ते बघा. आणि गणित व मोजमाप जुळलं नाही, तर आकडे ओढूनताणून जुळवू नका. सूत्रात काय धरलंच नव्हतं, ते आधी शोधा.

आमच्याकडे उभी फळी बसली. बाबा अजून प्लायवर ठाम आहेत.